काडी, चिकटपट्टी आणि १.८ व्होल्ट

काकूंची तक्रार सरळ होती. "नेट येतं आणि जातं. तीनदा माणूस येऊन गेला. फोनवर बोटं फिरवतो आणि म्हणतो, आमच्याकडून सगळं ओके आहे."

काकू आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. काका बँकेतून निवृत्त. नातू अकरावीला, क्लास जवळ पडतो म्हणून आजी-आजोबांकडे राहणारा. पुण्यातली सिंहगड रस्त्यावरची साधी सोसायटी. माझं पोटापाण्याचं काम वेगळंच आहे, पण कधीकाळी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केल्याचं सगळ्यांना माहीत असल्यामुळे मिक्सरपासून गेटच्या रिमोटपर्यंत जे बिघडेल ते आमच्या दारात येतं. हे प्रकरण २०२५च्या जूनमधलं. ते सविस्तर लिहितोय, कारण दोष निघाला दहा रुपयांच्या बटणात, तिथपर्यंत पोचायला दोन महिने गेले आणि बटण बदलल्यावरही गोष्ट संपली नाही.

आधी मांडणी सांगतो. फ्रिजवर दोन डबे. एक फायबरचा, इंटरनेट देणाऱ्या कंपनीने बसवलेला. त्याला ओएनटी म्हणतात. दुसरा वायफाय राउटर. तो काकांनी २०२० साली टाळेबंदीत स्वतः विकत घेतलेला, कारण नातू तेव्हा इथेच अडकला होता आणि त्याची शाळा मोबाइलवर भरत होती. दोन्ही डब्यांना १२ व्होल्ट लागतात. ते थेट भिंतीतून येत नाहीत. मध्ये एक मिनी यूपीएस आहे. साबणाच्या मोठ्या वडीएवढा, आत लिथियमचे सेल. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते आणि नेमका तेव्हाच नातवाचा ऑनलाइन तास असतो, म्हणून २०२३च्या पावसाळ्यात घेतलेला. हा यूपीएस लक्षात असू द्या. पुढे तोच गुन्हेगाराच्या अगदी जवळ उभा सापडणार आहे.

नेट जातं म्हणजे काय जातं?

हा प्रश्न दोन महिन्यांत कोणी विचारलाच नव्हता. कंपनीच्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याची हद्द ओएनटीपाशी संपते. तिथे प्रकाश नीट पोचतोय का ते त्याने पाहिलं, फोनवर वेग मोजला, वेग भरपूर होता, तो गेला. तो बोलला ते खरंच होतं.

मी चहा घेत फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसलो. आधी फोनवरून राउटरच्या सेटिंगच्या पानावर गेलो आणि एकच आकडा टिपून ठेवला: राउटर किती वेळ सलग चालू आहे. हा आकडा जवळजवळ प्रत्येक राउटरमध्ये 'सिस्टम' किंवा 'स्टेटस'च्या पानावर असतो आणि क्वचितच कोणी तो बघतं. काकूंच्या राउटरचा होता ४१ मिनिटं. घरातलं कोणी सकाळपासून त्याला बंद केलेलं नव्हतं. म्हणजे ४१ मिनिटांपूर्वी तो आपणहून बंद पडून पुन्हा उठला होता.

वीसेक मिनिटं काहीच झालं नाही. मग काकूंनी दूध काढायला फ्रिज उघडला आणि दार लावलं. नेहमीसारखंच, जरा जोरात. राउटरचे सगळे दिवे एकदम विझले. क्षणभराने सगळे एकदम लागले आणि मग एकेक करत लुकलुकायला लागले. शेजारच्या ओएनटीचा हिरवा दिवा ढिम्म हलला नाही.

निदान निम्मं तिथेच झालं. नेट जातच नव्हतं. राउटर मरत होता आणि पुन्हा जन्म घेत होता, आणि त्या दीड-दोन मिनिटांना घरात 'नेट गेलं' म्हणत होते. कंपनीच्या माणसाला हे का दिसलं नसावं, तेही कळलं. लोकांच्या घरी जाऊन त्यांचा फ्रिज कोण उघडेल?

धक्क्याने राउटर बंद पडतो म्हटलं की संशयित तीन. एक, अडॅप्टर किंवा यूपीएसची वायर आतून तुटलेली. दोन, राउटरच्या मागचा गोल जॅक, ज्यात पिन जाते, तो सैल. तीन, बटण. मी राउटर फिरवून मागची बाजू पाहिली आणि गप्प बसलो.

गोल काळ्या बटणाच्या फटीत काडेपेटीची काडी खोचलेली होती. वरून चिकटपट्टी, तीही दोनदा.

"हे काय काकू?"

"ते बटण आत राहतच नाही रे. दाबलं की बाहेर येतं. मग काडी घातली. दोन महिने छान चाललंय की."

दोन महिने. नेटची तक्रारही दोन महिन्यांची. या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच फ्रिजवर, एकमेकींना न भेटता नांदत होत्या. काडी घातली की घरात काहीतरी बिनसतंच, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. इथे ते अगदी शब्दशः झालं होतं.

तरी लगेच बटणावर खापर फोडलं नाही. यूपीएस बाजूला काढून राउटर सरळ त्याच्या जुन्या अडॅप्टरवर लावला. फ्रिजचं दार आपटलं, राउटर बंद. म्हणजे यूपीएस आणि त्याची वायर सुटली. जॅकमधली पिन चारी बाजूंनी हलवून पाहिली, काही नाही. मग काडी काढून बटण अंगठ्याने घट्ट दाबून धरलं आणि काकूंना दार पाच-सहा वेळा आपटायला सांगितलं. त्यांनी ते मनापासून केलं. दिवे हलले नाहीत.

आत काय दिसलं

राउटर काकांच्या मालकीचा आणि वॉरंटी कधीच संपलेली, म्हणून तो उघडायला हरकत नव्हती. ओएनटीचं तसं नसतं. तो कंपनीचा असतो, त्याचं बटण मोडलं तर फोन करून बदलून मागायचा, स्क्रू काढायचे नाहीत. आणि अडॅप्टर कोणाचाही असो, तो उघडायचा नाही. त्यात २३० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, काही काळ भरलेला राहतो. राउटरच्या पेटीत फक्त १२ व्होल्ट, तिथे बोट लागलं तर काही होत नाही.

दोन स्क्रू खालच्या रबरी पायांच्या आड होते, बाकी सगळे प्लास्टिकचे खटके. ते सोडवायला काकांनी त्यांचं मुदत संपलेलं एटीएम कार्ड दिलं. "बँकेचं शेवटचं काम," म्हणाले. झाकण उघडताना एकदम ओढायचं नाही, अँटेनाच्या बारीक वायरी झाकणाला अडकलेल्या असतात.

बटण सहा पायांचं होतं, तीन-तीनच्या दोन रांगा. म्हणजे एका अंगात दोन स्विच. या बोर्डावर दोन्ही रांगा जोडीने जोडून वीज वाटून घेतली होती, निदान कागदावर तरी. मल्टीमीटरची काळी पिन जॅकच्या ऋण टोकाला लावली आणि राउटर चालू असतानाच मोजलं. बटणात शिरण्याआधी १२.० व्होल्ट. बटणातून बाहेर पडल्यावर १०.२. तोही स्थिर नाही. काडीला टिचकी मारली की आठच्या घरात आणि मग अंधार.

चालू बटणात १.८ व्होल्ट कुठे जातात? त्याचं उष्णतेत रूपांतर होतं. प्रवाह मोजला, ०.५८ अँपिअर. म्हणजे बटणाचा रोध साधारण ३ ओहम आणि त्याच्या पोटात एक वॉट उष्णता. एक वॉट ऐकायला किरकोळ वाटतो, पण वाटाण्याएवढ्या प्लास्टिकमध्ये अखंड जिरवायचा तर थोडा नाही. बटणाला बोट लावलं तर चांगलंच गरम लागत होतं.

आता एक गंमत, जी मला स्वतःला कागदावर मांडेपर्यंत नीट कळली नव्हती. राउटरच्या आत एक छोटं सर्किट असतं, जे १२ व्होल्ट खाली उतरवून चिपला हवे तेवढे करून देतं. ते हट्टी असतं. त्याला जवळपास ठरावीक वॉट हवे असतात, इथे सुमारे सहा. व्होल्ट कमी मिळाले तर ते भूक कमी करत नाही, उलट जास्त प्रवाह ओढतं. जास्त प्रवाह ओढला की खराब बटणात आणखी व्होल्ट गळतात. ते गळले की आणखी ओढतं. बटणाचा रोध ३ ओहम असेपर्यंत हे कसंबसं १०.२ व्होल्टवर टिकतं. ६ ओहमच्या पुढे गेलं की १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून ६ वॉट मिळणं गणितातच बसत नाही, राउटर कोसळतो. आणि संध्याकाळी तिघांचे फोन, टीव्ही आणि नातवाचा व्हिडिओ एकदम चालू झाला की राउटरची भूक वाढते आणि ही मर्यादा आणखी खाली येते. 'संध्याकाळी नेट जास्त जातं, सगळी सोसायटी वापरते ना,' हे काकांचं निरीक्षण बरोबर होतं. कारण सोसायटीत नव्हतं, बटणात होतं.

म्हणून बटणात काडी खोचणं हा उपाय वाटतो, पण तो दोष लपवतो. बटण नीट लागलं नाही आणि राउटर बंदच राहिला असता तर पहिल्याच दिवशी दुरुस्तीला आला असता. काडीमुळे तो अर्धवट चालत राहिला आणि दोन महिने दुसऱ्यांना शिव्या बसल्या.

बाजार, डाग आणि एक चूक

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कामाने शहरात जायचं होतं, तेव्हा तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या बाजारात, डोकावलो. पासोड्या विठोबाच्या आसपासचा हा सगळा भाग म्हणजे पुण्यातल्या माझ्यासारख्यांची तुळशीबाग. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "सॅम्पल आणलंय?" नव्हतं आणलं. "सहा पायांचं, दाबून बसणारं," एवढ्या वर्णनावर त्याने दिलेलं घेऊन आलो. घरी येऊन बघतो तर ते उभं निघालं, म्हणजे पाय खाली आणि दांडा वर. राउटरला आडवं लागतं: पाय बोर्डात आणि दांडा बाजूने, पेटीच्या मागच्या भोकातून बाहेर. शिवाय या बटणांची मापं एकमेकांपासून अर्ध्या-एक मिलिमीटरने वेगळी असतात. डोळ्याला जुळी भावंडं, बोर्डाच्या भोकांत मात्र जात नाहीत.

मग ठरवलं, सॅम्पलच घेऊन जायचं. आणि इथे चूक केली. सॅम्पल शाबूत हवं म्हणून बटण अख्खं उपटायचा हट्ट धरला.

सहा पाय एकाच वेळी सोडवायचे म्हणजे सहाही ठिकाणचं सोल्डर, म्हणजे पाय बोर्डाला जोडणारा मऊ धातू, एकाच वेळी पातळ हवं. कारखान्यातलं सोल्डर बहुधा शिसं नसलेलं असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. आपल्याकडच्या रिळातलं शिशाचं १८३ ते १९० अंशांवर. म्हणून आधी जुन्या डागावर, म्हणजे सोल्डरच्या सांध्यावर, राळ लावून थोडं शिशाचं सोल्डर मिसळायचं, म्हणजे मिश्रण लवकर पातळ होतं. ते मी केलं. पंपाने ओढलं. पाच पाय सुटले. सहावा पाय तांब्याच्या रुंद पट्ट्याला जोडलेला होता आणि तो पट्टा उष्णता चोरत होता; माझी २५ वॉटची सोल्डर गन लावली की डाग कणकेसारखा मऊ व्हायचा, पातळ काही होईना. मी गन धरून ठेवली, बटण जरा हलवलं, जरा ओढलं. बटण आलं. सोबत भोकाभोवतालची तांब्याची चकतीही आली.

काका समोरच बसले होते. "हे असंच असतं का?" त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं.

नसतं. जुनं बटण मेलेलंच असतं, त्याला वाचवायचं काही कारण नाही. त्याची मापं पट्टीवर घ्यायची, फोटो काढायचा, मग निपरने, म्हणजे वायर कापायच्या पकडीने, त्याचं अंग कापून तुकडे करायचे आणि एकेक पाय वेगळा तापवून चिमट्याने उचलायचा. एका वेळी एकच डाग, बोर्डाला त्रास नाही. आता मी तसंच करतो. चकती उचलली गेली तरी सगळं संपत नाही. तो तांब्याचा रस्ता बोर्डावर पुढे जिथे जातो तिथे हिरवा लेप ब्लेडने हलका खरवडून तिथपर्यंत बारीक वायरीचा पूल टाकता येतो. शेवटी तेच केलं. दिसायला ओंगळ, पण मीटरला सौंदर्याशी देणंघेणं नसतं.

बटण निघाल्यावर नवं मिळेपर्यंत घर नेटशिवाय कसं ठेवायचं? येणारी आणि जाणारी बाजू वायरीच्या तुकड्याने कायमची जोडून दिली. स्पष्ट सांगायचं तर, आपल्याकडच्या बहुतेक घरांत दुरुस्ती इथेच संपायला हरकत नाही. आपल्याकडे भिंतीवरच्या प्रत्येक सॉकेटला स्वतःचं बटण असतं. राउटर बंद करायचा तर ते दाबावं. राउटरवरचं बटण हे त्यामानाने शोभेचं.

मला वाटलं, झालं. राउटर फ्रिजवर ठेवून घरी आलो.

रात्री पावणेअकराला काकूंचा फोन. "अरे, हे बंदच होत नाहीये!"

साडेदहाचा नियम

या घरात रात्री साडेदहाला नेट बंद होतं. नातू अकरावीला आहे, फोन उशाशी असतो, आणि काकूंचा शब्द शेवटचा. रोज साडेदहाला त्या राउटरचं बटण दाबत, सकाळी देवपूजेच्या आधी पुन्हा दाबत. काडी आल्यापासून रात्री ती काढत, सकाळी पुन्हा खोचत. त्या रात्री राउटरला बटण नव्हतं, म्हणून त्यांनी भिंतीवरचं बंद केलं. राउटर अर्थातच चालू राहिला. यूपीएस त्यासाठीच तर आणला होता. लाइट गेली असं समजून त्याने इमानेइतबारे बॅटरीवर काम सुरू केलं. नातू आतल्या खोलीत काही बोलला नाही, हे त्याच्या वयाला धरूनच होतं.

फोनवर मी त्यांना यूपीएसमधून राउटरकडे जाणारी पिन उपटायला सांगितली. आणि सहज विचारलं, यूपीएस येण्याआधी रात्री कसं बंद करायचात?

"भिंतीवरचं बटण. राउटरच्या मागे हात कोण घालतंय!"

त्या उत्तराने प्रकरणाचा उरलेला अर्धा भाग उलगडला. मला आधी वाटत होतं, पाच वर्षं झाली, बटण झिजलं असेल. तसं नव्हतं. पहिली तीन वर्षं त्या बटणाला कोणी हातच लावला नव्हता. यूपीएस आल्यावर भिंतीवरचं बटण निरुपयोगी झालं आणि रोजचं काम राउटरच्या बटणावर येऊन पडलं. जून २०२५पर्यंत जेमतेम दोन वर्षं, म्हणजे सातशेच्या आसपास वेळा चालू-बंद. अशा बटणांच्या माहितीपत्रकात आयुष्य सर्रास दहा हजार वेळांचं लिहिलेलं असतं. मग सातशेत का गेलं?

भिंतीवरचं बटण दाबून अडॅप्टर सुरू करता तेव्हा राउटरचं बटण आधीपासून आत दाबलेलं असतं. अडॅप्टर आपले १२ व्होल्ट हळूहळू चढवतो आणि राउटरच्या तोंडाशी असलेले कपॅसिटर त्याच्यासोबत शांतपणे भरतात. बटणातल्या धातूला काही जाणवत नाही. पण अडॅप्टर किंवा यूपीएस आधीच जागा असताना राउटरचं बटण दाबलं, तर रिकामे कपॅसिटर एकदम तोंड उघडतात. निमिषभरासाठी कित्येक अँपिअरचा लोंढा त्या इवल्याशा धातूच्या टोकांतून जातो, बारीक ठिणगी पडते, पृष्ठभाग किंचित जळतो. या जातीच्या बटणांची क्षमता अर्ध्या अँपिअरच्या आसपास असते, काहींची त्याहूनही कमी. रोज सकाळी एक ठिणगी. त्यात फ्रिज स्वयंपाकघराच्या दाराशी. फोडणीचा तेलकट धूर राउटरच्या फटींतून आत जातो आणि पाच वर्षांत सगळ्यावर एक तपकिरी साय धरतो.

जुनं बटण मी दुसऱ्या दिवशी फोडलं. ही बटणं आतून फार हुशार असतात. सरकणाऱ्या दांड्याच्या अंगावर बदामाच्या आकाराची खोबण कोरलेली असते आणि तारेचा एक बारीक आकडा तिच्यात फिरतो. पहिल्यांदा दाबलं की आकडा बदामाच्या वरच्या खाचेत जाऊन अडकतो, बटण आत राहतं. दुसऱ्यांदा दाबलं की तो दुसऱ्या बाजूने सुटतो आणि स्प्रिंग दांडा बाहेर ढकलते. जुन्या रंगीत टीव्हीचं 'खट्' वाजणारं मोठं बटण याच जातीचं. या बटणातली ती खाच गोलसर होऊन गेली होती, म्हणून आकडा टिकत नव्हता. दांड्यातून सरकणाऱ्या पितळी चिमट्यांपैकी एक काळा आणि खडबडीत, त्याच्याभोवतीचं प्लास्टिक किंचित वितळल्यासारखं. दुसरा चिमटा बराच बरा होता. न वापरलेले दोन पाय मात्र आरशासारखे.

माझ्या मते क्रम असा: आधी टोकं जळली, रोध वाढला, बटण आतून तापायला लागलं, उष्णतेने खाच मऊ होऊन झिजली, मग बटण आत राहिना. त्यावर काडी आली. आणि काडीने दांडा पूर्ण आत न जाता अर्ध्यावर धरला गेला, त्यामुळे चिमटा पायाच्या फक्त कडेला टेकत होता. फ्रिजचं दार हे शेवटचं निमित्त.

नवं बटण आणि तरीही

फोडलेल्या बटणाचे अवशेष आणि मापांची चिठ्ठी घेऊन पुन्हा गल्लीत. दुकानदाराने ट्रे पुढे केला, तिसऱ्याच कप्प्यात आडवं जुळं मिळालं. दहा रुपयांना एक, मी चार घेतली. बसवण्याआधी मीटरच्या बीप मोडवर पाहून घेतलं की दाबल्यावर मधला पाय नेमक्या कोणत्या पायाला मिळतो. बोर्ड तयार करणाऱ्याने नेमकी तीच बाजू वापरली आहे ना, याची खात्री करायची, नाहीतर बटण आत म्हणजे बंद आणि बाहेर म्हणजे चालू असा उलटा कारभार होतो. राळ लावली, डाग दिले, उखडलेल्या चकतीच्या जागी वायरीचा पूल टाकला, टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने राळ आणि पाच वर्षांची तेलकट साय दोन्ही साफ केली.

पुन्हा मोजमाप. बटणाच्या आधी १२.० व्होल्ट, बटणानंतर ११.९७. आणि प्रवाह? ०.५८वरून ०.४९ अँपिअर. राउटर तेच काम करत होता, पण कमी वीज ओढत होता, कारण मध्ये कोणी वाटमारी करत नव्हतं. हा दुसरा आकडा मला नव्या बटणापेक्षा जास्त आवडला.

एवढी खटपट करण्याऐवजी नवा राउटर का नाही, असं कोणीही विचारेल. दीड हजारात आला असता. माझ्या दोन संध्याकाळी आणि पेट्रोल धरलं तर हिशेब दुरुस्तीच्या बाजूने फार भक्कम नाही, मान्य आहे. हा राउटर वायफायच्या दोन्ही पट्ट्यांवर (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) चालणारा आणि घराच्या गरजेला पुरून उरणारा होता, म्हणून केलं. कंपनीने सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलेला एखादा जुनाट डबा असता तर मी काकांना सरळ नवा घ्यायला सांगितलं असतं.

आता साडेदहाचा नियम. रोज बटण दाबायचंच नाही असं केलं तर नवं बटण टिकेल, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायचं वेळापत्रक लावलं: रात्री १०:३० ते पहाटे ५:३० वायफाय बंद. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळं लावावं लागलं. एक विसरलो असतो तर नातवाने तो शोधलाच असता. काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

महिन्याने सोसायटीच्या कामासाठी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सवयीने तो आकडा पाहिला. राउटर सलग चालू असल्याचा वेळ: १४ तास. संध्याकाळचे आठ वाजले होते. म्हणजे पहाटे सहाला कोणीतरी चालू केला होता, म्हणजे रात्री कोणीतरी बंद केला होता.

"काकू, ते आपोआप बंद होतं आता."

"दिवे चालू दिसतात रे. बंद आहे हे मला कसं कळणार?"

याला उत्तर नव्हतं. दिव्यांवर काळी पट्टी लावता आली असती, पण मग सकाळी चालू झालंय की नाही हेही कळलं नसतं. आणि खरं म्हणजे काकूंना रात्री काहीतरी हाताने बंद करायचं होतं. गॅसचा कॉक, दाराची कडी, नेट. ते त्यांच्याकडून काढून घेणं मला बरोबर वाटेना.

मग सोपा रस्ता घेतला. जे बटण रोज दाबलं जाणार आहे ते दांडगं असू द्यावं. एक्स्टेंशन बोर्डावर असतं तसं काळं रॉकर बटण, २५० व्होल्ट ६ अँपिअर लिहिलेलं, यूपीएस आणि राउटरच्या मधल्या वायरीत घातलं. फक्त धन वायर कापायची. गोल पिनमध्ये ती बहुधा मधल्या टोकाची असते, पण मीटरने बघून मगच कापायची. यूपीएसची पिन आधी काढून ठेवायची, उघड्या वायरी एकमेकींना लागल्या तर लिथियमचे सेल चेष्टा करत नाहीत. डागांवर उष्णतेने आवळणारी नळी, रॉकर एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत, डबी फ्रिजच्या बाजूला दुहेरी चिकटपट्टीने, काकूंच्या हाताच्या उंचीवर. राउटरचं नवं बटण कायमचं आत. सकाळची ठिणगी आता रॉकरच्या जाड टोकांवर पडते. रॉकरवरची घट मोजली, ०.०२ व्होल्ट.

काकूंनी डबीवर स्केचपेनने 'नेट' लिहिलंय. रॉकरचा आवाज राउटरच्या बटणापेक्षा चांगला मोठा आहे, टक्क असा, आणि रात्री शांततेत तो आतल्या खोलीपर्यंत जातो. नातवाने मला जिन्यात गाठून सांगितलं की तो आता सगळं दहालाच डाउनलोड करून ठेवतो.